आधी म्हशीला कळलं

मला झालेला आजार आधी म्हशीला कळला, मग जनावरांच्या डॉक्टरला, मग माझ्या बायकोला आणि सगळ्यात शेवटी मला. हे लिहायला लाज वाटत नाही. वाटायची तेवढी वाटून झाली.

मी सर्जेराव, कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतला गवळी. वय छप्पन्न. रोज संध्याकाळी चार म्हशी चौकातल्या दूधकट्ट्यावर नेऊन बांधायच्या, गिऱ्हाईक समोर उभं राहणार, आणि त्याच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून फेसासकट हातात द्यायची, असा आमचा धंदा. आजोबांपासूनचा. परगावचा माणूस बघून तोंडात बोट घालतो. दुधात पाणी घातलंय का, असं आमच्या कट्ट्यावर कुणी विचारत नाही. म्हशीच्या आणि पेल्याच्या मध्ये गवळ्याच्या हाताशिवाय दुसरं काही नसतं.

तोच हात जवळजवळ वर्षभर बंद पडला. आता मी या गावाचा गवळी राहणार की नाही, एवढा एकच प्रश्न त्या वर्षात मला होता. माझ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमची हकिकत लिहा, इथं दवाखान्यात तोंड लपवून येणाऱ्यांना वाचायला देऊ. म्हणून लिहितोय. शुद्धलेखन नातीनं तपासलं आहे, मजकुराला तिनं हात लावायचा नाही असं ठरलं होतं.

तो दिवस

गावात त्या दिवशी कशावरून पेटलं ते मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही ते वाचून लगेच बाजू ठरवून मोकळे होतील. मला आजाराबद्दल बोलायचं आहे.

सकाळी अकराच्या सुमाराला मी रशीदच्या गॅरेजात होतो. रशीद माझा शाळूसोबती, दुचाकी दुरुस्त करतो. गावात बंद पुकारला होता म्हणून त्यानं शटर अर्धं ओढून ठेवलं होतं आणि आत माझ्या मोटरसायकलचा क्लच बघत होता. तेवढ्यात घोषणा ऐकू आल्या आणि मग पळण्याचा आवाज. रशीदनं शटर खाली ओढलं आणि पहिला दगड आदळला.

पत्र्याच्या शटरवर दगड आदळतो तेव्हा आत काय आवाज होतो, ते आत बसलेल्यालाच कळतं. शटरला बोटभर भोक होतं. मी डोळा लावला. बहुतेकांच्या तोंडाला रुमाल होते. एकाच्या नव्हता. तो विक्रम होता, आमच्या मागच्या गल्लीतला. पस्तिशीचा बाप्या, पतसंस्थेत कारकून, एका मुलीचा बाप. त्याची आई त्याच्या लहानपणी अंथरुणाला खिळली होती, तेव्हापासून तो माझ्या कट्ट्यावरच्या दुधावर वाढला. त्यानं हात मागं नेला आणि दगड सोडला. तो दगड माझ्या डोक्याच्या उंचीवर आदळला.

एक हाक मारली असती, 'ए विक्या' म्हणून, तर त्याचा हात खाली आला असता. मला अजूनही तसंच वाटतं. मी हाक मारली नाही. हवेच्या पंपामागं अंग चोरून बसलो. बाहेर उभ्या असलेल्या तीन गाड्यांचा चुरा करून लोक पुढं गेले.

"कोण हुतं रं?" रशीदनं विचारलं.

"वळखीचं कोण न्हाय," मी म्हणालो.

आपल्याला काय होतंय

चार-पाच दिवसांत गाव रुळावर आलं. कट्टा भरला. जो तो एकच सांगत होता, "कोल्हापूर हाय हे, काय हुईत न्हाय." मीही सांगत होतो. चारचौघांत माझा आवाज जरा जास्तच मोठा होता.

तिसऱ्या आठवड्यात समोरच्या किराणावाल्यानं संध्याकाळी शटर ओढलं आणि माझ्या छातीत असं काही सुरू झालं की मी कट्ट्यावरच बसलो. घामानं सदरा भिजला. लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं. दोन दिवस अंगाला वायरी लावून ठेवलं. तिथं पहाटे पाचला उठवून रक्त काढायचे, सातला चहा, नऊला मोठे डॉक्टर. चहा आणणाऱ्या मावशी माझ्या पेल्यात साखर जास्त टाकायच्या, "तात्या, घाबरू नगासा" म्हणत. तेवढंच गोड होतं तिथं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आले. नर्स म्हणाली, "हृदय एकदम तालमीतलं हाय तुमचं."

मला आनंद व्हायला हवा होता. मला अपमान वाटला. बायको मालन म्हणाली, "बरं आलंय तर तोंड कशापायी पाडलंयसा?"

"मग मला हुतंय काय?" मी विचारलं.

दृष्ट कुणाची काढायची

आमच्याकडं पंढरपुरी म्हशी आहेत. लांब शिंगांची ही जात. तिची ख्यातीच अशी की कुठंही उभी करा, कितीही गर्दी असू द्या, गवळ्याचा हात लागला की पान्हा सोडते. आमची चंद्री तर त्यात राणी. सात वर्षांत तिनं मला कधी तोंडघशी पाडलं नव्हतं.

दवाखान्यातून आल्यावर मी कट्ट्यावर तिच्याखाली बसलो आणि चंद्रीनं पान्हा चोरला. सड ओढून ओढून दोन चिळकांड्या आल्या. ती पाय झाडायला लागली. समोर पेला धरून गिऱ्हाईक उभं. गवळ्याची याहून मोठी बेअब्रू नसते.

मग आम्ही गवळी माणसं करतो ते सगळं केलं. पेंड बदलली, सरकी वाढवली. मालननं मीठ-मोहऱ्या उतरून चंद्रीची दृष्ट काढली. शिंगाला काळा दोरा बांधला. कुणाची नजर लागली असेल यावर आमच्या घरात तीन दिवस चर्चा झाली आणि दोन शेजाऱ्यांवर संशयही घेऊन झाला. त्या शेजाऱ्यांची इथं माफी मागतो. एवढ्या काळात माझी दृष्ट काढावी असं कुणाच्याच मनात आलं नाही. मी रात्र रात्र बसून काढत होतो, भाकरी कोरभर खात होतो, कुणी भांडं आपटलं की उडत होतो. पण घरात आजारी म्हैस होती.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. हा शाहूवाडीकडचा गडी, बोलायला कमी. त्यानं ताप बघितला, कास दाबून बघितली, शेण बघितलं. मग मला म्हणाला, "तात्या, बसा धारंला."

मी बसलो. थोड्या वेळानं लक्षात आलं की तो म्हशीकडं बघतच नाही, माझ्या हाताकडं बघतोय. चंद्रीनं पाय झाडला. त्यानं मला उठवलं आणि मालनला बसवलं. पाच मिनिटांत चरवी भरली.

"म्हशीला काय बी झाल्यालं न्हाय," तो म्हणाला. "तिला भ्या वाटतंय."

"कशाचं?"

"तुमचं. हात बघा की तुमचं, कसं कापत्यात. तिच्या अंगाला लागला की तिला वाटतंय, हितं कायतर इपरीत हाय, मालक पळायच्या बेतात हाय. मग ती दूध सोडंल व्हय?"

मी भडकलो. आमच्या घराण्यात कोण घाबरट निघालाय असं बरंच बोललो. त्यानं शांतपणे हात धुतले, चिठ्ठीच्या मागं एका डॉक्टरबाईंचं नाव लिहिलं आणि म्हणाला, "माज्याकडं चार पायांचंच औषध हाय, तात्या. ह्या मनाच्या डॉक्टर हायत. मी बी जातोय त्यांच्याकडं, बाप वारल्यापास्नं."

मालन भरलेली चरवी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "उद्याच जायाचं."

टॉवेल

मी डोक्याला टॉवेल गुंडाळून, मालनच्या मागोमाग, मागच्या बोळातून दवाखान्यात गेलो. वाटलं, कुणी बघितलं तर 'सर्जा गवळी येडा झाला' म्हणून पेठभर होईल. आत जाऊन बसलो तर समोर एक माणूस हेल्मेट घालून बाकावर बसलेला. पंख्याखाली, काच खाली ओढून. माझा टॉवेल आणि त्याचं हेल्मेट, दोघंही एकमेकांकडं बघत बसलो. शेवटी मालनलाच हसू आवरेना. ती म्हणाली, "दादा, काडा की ते. आमास्नी बी लाजच वाटालीय." त्यानं काढलं. तो पोलीस शिपाई होता. त्या दिवशी बंदोबस्ताला होता, तेव्हापासून मुलानं घरात फुगा फोडला तरी त्याचा हात काठीकडं जायचा. बाकाच्या दुसऱ्या टोकाला आमच्या पेठेतले शाळामास्तर होते. त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं होतं, उलटं.

त्या दिवशी गावात ज्यांना दगड लागले त्यांची नावं सगळ्यांना ठाऊक होती. इथं बसलेल्यांची कुणालाच नव्हती.

डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. मी छातीचं सांगितलं, हाताचं सांगितलं, शटरचं सांगितलं. मग मला खरं विचारायचं होतं ते विचारलं, "बाई, मी भित्रा झालोय का?"

त्या म्हणाल्या, "अंगावर ट्रक आला तर तुम्ही बाजूला उडी मारता, तो भित्रेपणा असतो का? तुमचं शरीर अजून त्या शटरमागंच बसलं आहे, तात्या. बाहेरचं थांबलं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. याला आजार म्हणतात. त्याला औषध आहे आणि वेळ लागतो."

आजार म्हणाल्या आणि मला रडू आलं. मोठ्यांदा रडलो. मालननं तोच टॉवेल पुढं केला.

मालन

आता कट्ट्याचं काय? आमच्या कट्ट्यावर बाईमाणसानं धार काढल्याचं कुणी बघितलेलं नव्हतं. घरी गोठ्यात काढायच्या, चौकात नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालननं पदर खोचला आणि म्हणाली, "मी जातो कट्ट्यावर."

मी सांगणार होतो की लोक काय म्हणतील. पण मी कुठल्या तोंडानं सांगणार?

पहिल्या दिवशी बघ्यांची गर्दी झाली. एक म्हातारे गिऱ्हाईक म्हणाले, "वैनी, चौकात बाईनं बसनं बरं दिसत न्हाय." मालन खालूनच म्हणाली, "म्हशीला इचारा, तिची हरकत हाय का. पेला नीट धरा, फेस सांडाय लागलाय." दहा महिने तिनं कट्टा चालवला. एक दिवस खाडा नाही. मला तिचा अभिमान वाटतो, पण त्या वेळी वाटत नव्हता, हेही लिहायला पाहिजे. तेव्हा मला तिचा राग यायचा. तिच्या हाताला चंद्री पान्हवते आणि माझ्या नाही, याचा. मी तिच्यावर खेकसायचो. एकदा जेवणाचं ताट भिरकावलं. ती ताट उचलून म्हणाली, "हे तुमी न्हाय केलं, आजारानं केलं. पर पुसून तुमीच काडायचं." मी पुसून काढलं.

घरच्यांना सांगतो, एवढंच करा. आजाराला आजार म्हणा आणि फरशी आजारी माणसालाच पुसायला लावा.

आणखी एक चूक सांगतो. दिवाळीपर्यंत झोप लागायला लागली, तेव्हा मी कुणाला न विचारता गोळ्या बंद केल्या. पाडव्याला आमच्यात म्हशी नटवून, शिंगं रंगवून, मोटरसायकलमागं पळवत मिरवतात. मी ऐटीत निघालो. कोपऱ्यावर फटाक्यांची माळ लागली आणि मी गाडी आणि म्हैस भर रस्त्यात सोडून एका जिन्याखाली जाऊन बसलो. चंद्री आपली शहाण्यासारखी तिथंच उभी राहिली. सगळ्या पेठेनं बघितलं. गोळ्या आपल्या मनानं थांबवू नका. पाहिजे तर चंद्रीला विचारा.

नाव

हात थरथरायचं कारण दगड नव्हता. ते मी डॉक्टरबाईंना पाचव्या महिन्यात सांगितलं. विक्रमचं नाव तेव्हा पहिल्यांदा तोंडातून निघालं. ज्याला दूध पाजलं त्याच्या हातात दगड बघितला, आणि मी त्याला हाक मारली नाही, आणि मित्राशी खोटं बोललो. बाई म्हणाल्या, हे मला सांगून झालं, आता ज्याला सांगायचं त्याला कधी सांगणार?

त्या रात्री मी मालनला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी रशीदकडं गेलो. तो गॅरेजात होता. दारात त्यानं एक जुनं इंजिन ठेवलं होतं, अगदी शटर जिथं टेकतं तिथं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"शटर पुरतं खाली येऊ ने म्हणून. पुरतं खाली आलं की मला दम लागतो." तो एवढंच म्हणाला. रात्री त्याचा मुलगा येऊन इंजिन हलवायचा आणि शटर लावायचा.

मी नाव सांगितलं. रशीद नट पुसत राहिला. मग म्हणाला, "मला म्हाईत हुतं. तू भोकाला डोळा लावलास आन तुजं तोंड उतरलं. परक्याला बघून मान्साचं तोंड असं उतरत न्हाय."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. लई येळ लावलास."

त्या आठवड्यात मी रशीदला घेऊन दवाखान्यात गेलो. टॉवेल खांद्यावर होता.

कट्टा

दहा महिन्यांनी मी कट्ट्यावर उभा राहिलो. बसायच्या आधी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "हात अजून थोडा थरथरतोय. भीतीच्या आजाराच्या गोळ्या चालू हायत माज्या. म्हैस येळ लावंल. कुणाला घाई असंल त्यानं पलीकडच्या गवळ्याकडं जावं."

कुणी हललं नाही. मागून मास्तरांचा आवाज आला, "माझ्या पण चालू आहेत." मग एक भाजीवाली म्हणाली तिला बारा महिने झोप नाही, कुठं जायचं ते सांगा. किराणावाला म्हणाला, मी शटरला ग्रीस घालून घेतलंय, आता आवाज येत नाही, तुम्ही बसा. माझ्या गावाबद्दल मी आयुष्यभर फुशारक्या मारल्या, पण ती संध्याकाळ मी खऱ्या अभिमानानं सांगतो. आमचं गाव भांडतं तेही चौकात आणि दुखणं काढतं तेही चौकात.

मी चंद्रीच्या पोटाला डोकं टेकलं. तिला वेळ लागला. मग पान्हा सुटला. पहिला पेला रशीदला दिला. तो पिऊन म्हणाला, "दूध बरं हाय." आमच्यात याच्यापुढं स्तुती जात नाही.

विक्रम

त्यानंतर पंधरा दिवसांनी सकाळी गोठ्यात विक्रमची बायको सुजाता आली. तिनं चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "तात्या, त्या डॉक्टरांकडं ह्यांना नेऊया का? झोपत न्हाईत. पोरगीनं गळ्यात हात टाकला की हात काढून टाकत्यात. रोज संध्याकाळी कट्ट्याच्या कोपऱ्यापर्यंत येत्यात, तुमच्याकडं बघत्यात आन तसंच परत येत्यात."

मी आधी नाही म्हणालो. स्पष्ट. ज्यानं मारलं त्याला आजार आणि ज्यानं मार खाल्ला त्यालाही आजार, मग दोघांत फरक काय, असा मला राग आला. तो राग आजही सगळा गेलेला नाही. सुजाता वळली. मालन धारेला बसली होती. ती म्हणाली, "तवा एकदा हाक मारली न्हाईसा. आता तरी मारा."

मी विक्रमच्या दारात जाऊन हाक मारली. तो बाहेर आला. गालफडं बसलेली. मी म्हणालो, "त्या दिशी शटरच्या आत मी हुतो. मी बघितलंय तुला." त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "तात्या, मला ठावं न्हवतं तुमी आत हाय."

"रशीद आत हाय हे ठावं हुतं न्हवं?" मी म्हणालो. "डॉक्टरकडं मी नेतो. पर वाटंत गॅरेज लागतं. तितं थांबायचं."

आम्ही थांबलो. विक्रम इंजिनापुढं उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. रशीदनं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "माफी लगीच देनं माज्याच्यानं व्हायचं न्हाय. तू आधी बरा हो. मग ये, आन शटरचं पोचं तूच काड." विक्रमनं मान हलवली. एवढंच झालं. ज्याला गळाभेट हवी त्यानं सिनेमा बघावा.

दवाखान्यात मी पुढं आणि तो मागं. नाव नोंदवणाऱ्या बाईंनी विचारलं, "पेशंटचं नाव?" मी सांगितलं. "सोबत कोण?" मी माझं नाव सांगितलं. "नातं काय?"

विक्रम जमिनीकडं बघत होता. बाकावर बसलेली माणसं आमच्याकडं बघत होती, त्यांत ओळखीचीही होती.

"लिवा," मी म्हणालो, "ह्याचा गवळी."

"असं नातं लिहीत नाहीत हो काका."

"आमच्यात हाय," मी म्हणालो. "लिवा."

बाईंनी लिहिलं.